भांडण तुमच्याशी होतं, जुंपली आमच्यात: ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या मालकांना खुलं पत्र

श्रीमती अनुराधा देसाई, श्री. बालाजी राव आणि श्री. व्यंकटेश राव यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र मराठीत का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लंडमधल्या तुमच्या फुटबॉल क्लबचे समर्थक पंधरा वर्षं तुमच्याशी इंग्रजीत बोलताहेत. फलक झाले, घोषणा झाल्या, एकदा तर कोंबडीकरवी निरोप धाडून झाला. काही पोहोचल्याचं दिसलं नाही, म्हणून आता भाषा बदलून पाहतो. तुमच्या घरात मराठी बोलत नसतीलही, पण तुमच्या व्यंकीज कंपनीचं मुख्य कार्यालय पुण्यात आहे. पत्र वाचून दाखवणारा माणूस शोधायला लांब जावं लागणार नाही.

दुसरं कारण असं, की या भांडणात मी जरा अडचणीच्या जागी बसलो आहे, आणि ते मराठीतच नीट सांगता येईल.

२००३ साली हॉस्पिटलातल्या नोकरीसाठी मी लँकशरला आलो. फ्रंटफूट आणि बॅकफूट यापलीकडे पायांचा खेळ मला ठाऊक नव्हता. वॉर्डातल्या एका सहकाऱ्याने एका शनिवारी ईवूड पार्कला, रोव्हर्सच्या स्टेडियमवर, नेलं आणि वाटेत पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं. क्लब १८७५ चा. १८८८ ची फुटबॉल लीग आणि १९९२ ची प्रीमियर लीग, दोन्हींच्या स्थापनेला हजर असलेले क्लब तीनच: ॲस्टन व्हिला, एव्हर्टन आणि आपण. एफए कप सहा वेळा. आणि मग १९९५. शेवटच्या दिवशी आपण लिव्हरपूलकडून २-१ हरलो, तिकडे वेस्ट हॅमने मँचेस्टर युनायटेडला १-१ वर रोखलं, आणि हरूनही आपण इंग्लंडचे विजेते. पैसा जॅक वॉकरचा. याच गावचा माणूस, पोलादाच्या धंद्यात मोठा झालेला. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. सामन्याला जाताना लोक त्याच्याकडे असे बघतात, जसं घरातल्या थोरल्याच्या तसबिरीकडे बघावं.

१९ नोव्हेंबर २०१० ला त्याच वॉकरच्या ट्रस्टकडून तुम्ही क्लब घेतलात, सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात पेढे वाटले. दुधाची पावडर आटवून रात्री घरीच केले होते, जरा कडक झाले. पुण्याची माणसं आहेत, शून्यातून धंदा उभा केलाय, कोंबडी-अंड्यांत आमच्याकडे यांच्याएवढं नाव नाही, असं मी ज्याला त्याला सांगत सुटलो. तुमच्या कारभारातली ही माझी गुंतवणूक. ती कुठल्या ताळेबंदात दिसत नाही आणि परतही मागता येत नाही.

चोवीस दिवसांनी तुम्ही मॅनेजर सॅम ॲलरडाइसला काढलंत. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता. पुढच्या वर्षी आमचे खेळाडू तुमच्या कंपनीच्या जाहिरातीत चिकन खाताना दिसले. ७ मे २०१२ ला विगनविरुद्ध ०-१ हरून आम्ही प्रीमियर लीगमधून खाली गेलो आणि आजवर परत वर आलो नाही.

कोंबडी त्याच सामन्यातली. कुणीतरी निळ्या-पांढऱ्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. तो फोटो जगभर छापून आला. लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी आमच्या तक्रारीचा विनोद झाला, आणि विनोदाला कुणी उत्तर देत बसत नाही. तुम्हीही दिलं नाहीत. त्याआधीच्या अख्ख्या हंगामात लोक घसा फोडून जे सांगत होते, ते त्या एका पाखराने झाकून टाकलं. तेव्हा टीव्हीवरचे काही जाणकारही आम्हालाच दटावत होते: असा कसा आपल्याच मॅनेजरला त्रास देता? पुढच्या पाच वर्षांत काय झालं ते पाहिल्यावर दटावणारे गप्प झाले. पण आमच्यात जी फूट पडली ती तशीच राहिली.

ही फूट माझ्या रांगेतच आहे, म्हणून तिथूनच सांगतो. रिव्हरसाइड स्टँडमध्ये माझ्या डावीकडे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसतात. वडिलांचं बोट धरून ते इथे यायला लागले. त्यांचं म्हणणं, मालक येतात आणि जातात, सामना चालू असताना मात्र संघामागे उभं राहायचं. उरलेला आठवडा निषेधाला मोकळाच आहे. उजवीकडे एकोणीस वर्षांची एक मुलगी. रोव्हर्सला प्रीमियर लीगमध्ये पाहिल्याचं तिला आठवतसुद्धा नाही. ती म्हणते, सभ्यपणे विचारलं तेव्हा काय मिळालं? खेळ थांबला तरच कॅमेरे वळतात. गेल्या महिन्यात पुन्हा एकदा सामना बंद पाडण्याची कुजबुज सुरू झाली आणि दोघांचं वाजलं. त्यांनी तिला क्लब बुडवायला निघालेली म्हटलं, तिने त्यांना मालकांचं हक्काचं गिऱ्हाईक म्हटलं. आता दोघं बोलत नाहीत. गोल झाला की दोघंही मलाच मिठी मारतात.

दोघांकडेही दाखले आहेत आणि ते मी इतक्या वेळा ऐकलेत की मला पाठ झालेत.

मुलीचा पहिला दाखला ब्लॅकपूलचा, आमच्या शेजारचाच. तिथल्या समर्थकांनी मालक ओइस्टन कुटुंबाच्या खिशात एक पेनीही टाकायची नाही असं ठरवलं आणि मे २०१५ मध्ये मैदानात उतरून हडर्सफील्डविरुद्धचा सामना बंद पाडला. फेब्रुवारी २०१९ मध्ये ओइस्टन यांच्या हातून क्लब गेला आणि मार्चमध्ये लोक स्टेडियममध्ये परतले. खरं आहे. पण ती एक धागा गाळते. ओइस्टनना हलवलं ते न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरने, आणि तो आला तो लॅटव्हियाच्या सहमालकाने जिंकलेल्या खटल्यामुळे. बहिष्काराने जमीन भुसभुशीत केली, झाड पाडलं न्यायालयाने.

दुसरा दाखला लिव्हरपूलचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध सुमारे दहा हजार लोक बरोबर ७७ व्या मिनिटाला उठून गेले. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होतं, सामना २-२ असा सुटला, आणि काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दर मागे घेतले. तिसरा जर्मनीचा: २०२३-२४ च्या हिवाळ्यात टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी मैदानात पडत राहिली, आणि फेब्रुवारीत तिथल्या लीगने बाहेरच्या गुंतवणूकदाराशी करार करायचा बेत सोडला.

यावर डावीकडचे गृहस्थ एकच शब्द उच्चारतात: बरी. इथून तासाभराच्या आतलं गाव. ऑगस्ट २०१९ मध्ये लीगने त्या क्लबला बाहेर काढलं. मालक नको नको म्हणता क्लबच गेला, असं ते सांगतात. तेही एक धागा गाळतात. बरी बुडाली ती कर्जापायी आणि मालकाला पैशाचा पुरावा देता आला नाही म्हणून. निषेध करणाऱ्यांनी तिला बुडवलेलं नाही.

मी इतकी वर्षं मध्ये बसून जे समजलो ते असं. निषेध लागू पडतो तो मालकाची जी नस दबते त्या नसेवर. लिव्हरपूलच्या मालकांना तिकिटाचा पैसा हवा होता, म्हणून तिकिटावरून उठलेले लोक त्यांना झोंबले. जर्मनीत बहुतेक क्लबांत बहुमत सदस्यांचं असतं, म्हणजे चेंडू फेकणारा माणूस मतदारही असतो. तुमचं काय? तुम्ही ईवूडमधून पैसा नेत नाही, उलट घालता. पंधरा वर्षांत तुम्ही २० कोटी पौंडांहून जास्त ओतलेत. आमच्यातले बरेच जण हे विसरतात, मी विसरत नाही. पण म्हणूनच आमची रिकामी खुर्ची तुम्हाला बोचत नाही. जेवढ्या खुर्च्या रिकाम्या, तेवढा क्लब तुमच्या पैशावर अधिक टेकलेला. आणि सामना थांबवला तर त्रास कुणाला? मैदानातल्या अकरा पोरांना, लांबून आलेल्या पाहुण्या समर्थकांना, आणि पिवळं जाकीट घालून उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला. तुम्ही तर वर्षानुवर्षं इथे दिसतच नाही. जो माणूस सामन्याला येत नाही, त्याच्यासाठी सामना कसा थांबवायचा?

त्यामुळे मी चेंडू फेकत नाही. मैदानात उतरणं आणि वस्तू फेकणं हे १९९१ च्या कायद्याने इथे गुन्हा आहे, हे त्या मुलीलाही मी सांगितलंय; एकोणिसाव्या वर्षी स्टेडियमबंदी लागली तर तिची उमेदीची वर्षं जातील. २०१६ मध्ये क्लबच्या स्थापनावर्षावरून १८ व्या मिनिटाला आत यायचं आणि ७५ व्या मिनिटाला बाहेर पडायचं असा निषेध झाला होता. तो मला पटला. कुणाला धक्का नाही, खेळ अडत नाही, आणि काय ते दिसतं. डावीकडच्या गृहस्थांना तोही पटला नाही. ते पूर्ण वेळ एकटे बसून राहिले.

आणखी एक, माझ्यापुरतं. ‘व्यंकीज आउट’ ही घोषणा हजारो गळ्यांतून उठते तेव्हा सावळ्या कातडीच्या माणसाला ‘आउट’ हा शब्द दोनदा ऐकू येतो. माझ्या रांगेतल्या कुणीही मला कधी वेडंवाकडं बोललेलं नाही, हे आधी नोंदवतो. तरी त्या क्षणी मी गप्प असतो. घोषणेशी सहमत असूनही गप्प असतो. तुमच्यामुळे ही पाळी माझ्यावर येते, आणि याची तुम्हाला कल्पनाही नसेल.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तुमच्या न बोलण्याची. बाकीच्या तिच्याच पोटातून निघतात, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. पराभव कुणालाही पचवता येतो. २०१७ मध्ये शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ जिंकूनही आम्ही गोलफरकावर तिसऱ्या श्रेणीत घसरलो, प्रीमियर लीग जिंकल्यानंतर कुठलाही क्लब त्याआधी इतका खाली गेला नव्हता, आणि तरी पुढच्या हंगामात लोक आले आणि मॅनेजर टोनी मोब्रेच्या हाताखाली वर्षभरात संघ परत चढला. पचत नाही ती अनिश्चितता. क्लब विकायचा आहे की नाही? निर्णय पुण्यात होतो की इथे? वर जायचंय की नुसतं तरंगायचंय? मालकाने हे सांगितलं नाही की प्रत्येक समर्थक स्वतःचं उत्तर तयार करतो, आणि मग ती उत्तरं एकमेकांवर आदळतात. डावीकडचे गृहस्थ धरून चालतात की तुम्ही गेलात तर क्लब बुडेल. मुलगी धरून चालते की तुम्ही गेलात की सुटका. दोघांच्या हाती पुरावा शून्य, कारण पुरावा तुमच्या कपाटात आहे.

दुसरी तक्रार कारभारातल्या ढिसाळपणाची. २०१२-१३ च्या एका हंगामात हेनिंग बर्ग ५७ दिवस मॅनेजर होता, मायकल ॲपलटन ६७ दिवस. बर्गच्या भरपाईपोटी २२ लाख ५० हजार पौंड द्यायचा आदेश न्यायालयाने दिला. हे जुनं झालं म्हणाल, तर नवं घ्या. जानेवारी २०२३ मध्ये लुईस ओब्रायन या खेळाडूला घेण्याचे कागद वेळेत गेले नाहीत, तो आला नाही. बरोबर एक वर्षाने डंकन मॅग्वायरच्या कागदांत घोळ झाला आणि तोही आला नाही. पहिल्या घोळाच्या हंगामात आम्ही सातवे आलो, सहाव्या सँडरलंडएवढेच ६९ गुण, प्लेऑफ, म्हणजे वर जाण्यासाठीची शेवटची लढत, हुकली ती गोलफरकाने. एक सही वेळेवर झाली असती तर काय झालं असतं, यावर आमच्या रांगेत मात्र एकमत आहे.

तिसरी, उमेद विकण्याची. ॲडम व्हॉर्टन ब्लॅकबर्नचा पोरगा, लहानपणापासून इथल्याच अकादमीत वाढलेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो क्रिस्टल पॅलेसला गेला आणि उन्हाळ्यात युरो स्पर्धेसाठीच्या इंग्लंडच्या संघात होता. विकला याचं दुःख नाही, आमच्यासारख्या क्लबला विकावंच लागतं. त्या पैशाचं पुढे काय, हे सांगा एवढंच. फेब्रुवारी २०२५ मध्ये मॅनेजर जॉन युस्टेस पाचव्या क्रमांकावरचा संघ सोडून तळाला धडपडणाऱ्या डार्बीला गेला. वर असलेला माणूस खाली का उतरतो, याचा विचार पुण्यात कुणी केला का?

चौथी, पैशाच्या वाटेची. भारतातून क्लबला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली, हे आम्हाला कोर्टाच्या बातम्यांतून कळलं. प्रकरण न्यायालयाचं आहे, त्यावर मी निवाडा देणार नाही. पण घराचा हप्ता थकणार असेल तर घरच्यांना शेजाऱ्याकडून कळू नये.

आणि पाचवी लहान दिसेल, पण मला ती फार लागली. मे २०२५ मध्ये महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून मागे घेतला. मैदानावर हरून त्या मुली खाली गेलेल्या नाहीत. लीगच्या अटींना लागणारा खर्च करायचा नाही, असं ठरलं. एकीकडे २० कोटींहून जास्त ओतलेत म्हणून मी तुमची बाजू घेतो, आणि दुसरीकडे हे. मी कोणत्या तोंडाने बाजू घ्यायची?

मागण्या मोजक्या आहेत. राजीनामा वगैरे मागत नाही, मालकाला राजीनामा नसतो.

हा हंगाम संपायच्या आत तुमच्यापैकी एकाने तरी ईवूडवर यावं आणि समर्थकांनी निवडलेल्या प्रतिनिधींसमोर बसावं. रोव्हर्स ट्रस्ट ही समर्थकांची संघटना आहे, इतर गट आहेत, प्रतिनिधी कोण ते आमचं आम्ही ठरवू. नंतर वर्षातून दोनदा. तुमच्या वतीने आलेला वकील किंवा सल्लागार चालणार नाही.

क्लब विक्रीला आहे की नाही, हे लेखी सांगा. असेल तर विक्री होईपर्यंत खर्च कसा भागणार ते सांगा. नसेल तर पाच वर्षांचा आराखडा द्या. दोन्ही उत्तरं आम्ही ऐकून घेऊ. तिसरं उत्तर, म्हणजे काहीच न बोलणं, ते मात्र पंधरा वर्षं ऐकलंय.

भारतातून पैसा अडला तर पगार आणि बिलं कशातून जाणार, हे दर हंगामाच्या सुरुवातीला जाहीर करा. खेळाडू विकून आलेल्या पैशातला किती भाग संघावर परत लागला, तेही.

ब्रॉकहॉलचं सराव केंद्र क्लबकडून तुमच्याच दुसऱ्या कंपनीकडे गेलं आहे. ते रोव्हर्सशिवाय इतर कुणाला विकलं जाणार नाही, असा शब्द द्या. ईवूडची तेवढी काळजी नाही, कारण जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नव्या कायद्याने स्टेडियम विकायला स्वतंत्र फुटबॉल नियामकाची परवानगी लागणार आहे. त्याच कायद्याने समर्थकांशी सल्लामसलतही क्लबांवर बंधनकारक होते आहे. म्हणजे मी मागतोय त्यातलं काही उद्या कायदा तुमच्याकडून करून घेईलच. आधी स्वतःहून केलंत तर त्याला वजन राहील.

महिला संघाला परत वर आणण्याची तारीख ठरवा.

आणि शांतपणे उठून जाणाऱ्याला, फलक धरणाऱ्याला कुणी आडकाठी करू नये. जो चेंडू फेकेल त्याच्यावर कायद्याने काय व्हायचं ते होवो. या दोघांना एकाच मापाने मोजलंत तर उद्या फलकवालाही चेंडू उचलेल.

जाता जाता माझ्या रांगेतल्या दोघांसाठी दोन ओळी. त्यांना मराठी येत नाही, मीच वाचून दाखवणार आहे. तुमचं दोघांचं मागणं एकच आहे: कुणीतरी समोर येऊन बोलावं. कसं बोलावून घ्यायचं यावर तुमचं पटत नाही, ते नाही पटलं तरी चालेल. पण माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायला लागा. मला गोलच्या वेळी दोन्हीकडून मिठी झेपत नाही.

मालकांनो, शनिवारचा सामना बहुधा तीन वाजता असतो. रिव्हरसाइडच्या पुढच्या रांगांत पाऊस तिरका येतो, छत असून नसल्यासारखं. जाड कोट आणा.

आपला,
रिव्हरसाइड स्टँडमधला एक सीझन तिकीटधारक,
ब्लॅकबर्न